‘साधी गाठ’ : पायातील विरळ अर्बुदांच्या नामकरणाची समीक्षा

पायाला आलेली गाठ दाखविण्यासाठी मनुष्य डॉक्टरांकडे जातो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ‘ही कसली गाठ?’ असा सहसा नसतो. ‘गाठ साधी आहे ना?’ असे तो विचारतो. या प्रश्नातील ‘साधी’ हे विशेषण रूपाने होकारवाचक असले तरी अर्थाने नकारवाचक आहे; ‘कर्करोगाची नव्हे’ एवढाच त्याचा आशय. साहजिकच ‘साधी आहे’ या उत्तरानेही गाठ काय नाही एवढेच कळते. ती काय आहे हे कळत नाही. बहुसंख्य गाठींच्या बाबतीत हे अर्धे उत्तर चालून जाते. परंतु मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल या भागांत मृदू ऊतकांची काही विरळ अर्बुदे अशी उद्भवतात की ती फुप्फुसाकडे पसरत नाहीत आणि जागच्या जागी स्वस्थही बसत नाहीत. या अर्बुदांच्या बाबतीत शब्दाची चूक ही शब्दापुरती राहत नाही. कोणती तपासणी करावयाची, छेद कोठे घ्यावयाचा, किंबहुना छेद घ्यावयाचा की नाही, हे नावावरून ठरत असल्यामुळे नामकरणाची समीक्षा हा येथे निदानाचाच एक भाग ठरतो.

प्रथम रुग्णाची भाषा पाहू. मराठीतील ‘पाय’ हा शब्द खुब्यापासून बोटांपर्यंतच्या सबंध अवयवाला लावता येतो आणि केवळ पावलालाही. ‘पायात गोळा येतो’ या वाक्यात गोळा म्हणजे गाठ नव्हे. पोटरीचा स्नायू आखडून येणारी कळ होय. मराठी दुसरी भाषा म्हणून शिकलेल्या तरुण डॉक्टराने हे वाक्य शब्दशः टिपून घेतले तर रुग्णवृत्तान्ताची पहिलीच ओळ चुकते. ‘टेंगूळ’ म्हटले की मार गृहीत धरला जातो, ‘गळू’ म्हटले की पू. ‘आवाळू’ म्हटले की वर्षानुवर्षे असलेली, न दुखणारी, लोंबती मांसल वाढ डोळ्यांपुढे येते. पावलाला जखम झाल्यावर जांघेत येणाऱ्या गाठीला ‘अवधाण’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि त्यात कारण व परिणाम यांचा संबंध अचूक पकडलेला आहे. लोकभाषा येथे दरिद्री नाही. प्रत्येक शब्दात तिने एक लहानसे निदान आधीच करून ठेवले आहे, आणि अडचण नेमकी त्यामुळे उद्भवते. मांडीत खोलवर वाढणाऱ्या गाठीला रुग्णाने ‘टेंगूळ’ म्हटले म्हणजे कोठे तरी लागल्याची आठवण तो प्रामाणिकपणे शोधून काढतो, आणि ऐकणाराही ती प्रामाणिकपणे लिहून घेतो.

शास्त्रीय परिभाषेकडे वळल्यावर हा गोंधळ कमी व्हावयास हवा होता. पण काही बाबतींत तो वाढलेला दिसतो. संस्कृतात ‘जंघा’ म्हणजे गुडघा ते घोटा हा भाग. हिंदीत ‘जाँघ’ म्हणजे मांडी. मराठीत ‘जांघ’ म्हणजे मांडी आणि ओटीपोट यांच्यामधील सांध्याची जागा. एकाच शब्दाने तीन भाषांत तीन मुक्काम केले आहेत, आणि प्रत्येक मुक्कामी उद्भवणाऱ्या गाठींचे संभाव्य निदान निराळे आहे. जांघेत लसीका ग्रंथी व अंतर्गळ यांचा विचार आधी करावा लागतो, मांडीत खोल असलेल्या मेदयुक्त अर्बुदांचा, तर नडगी-पोटरीत मज्जातंतू व रक्तवाहिन्या यांच्या अर्बुदांचा. ‘जंघार्बुद’ असा भारदस्त समास करणाऱ्याने वाचकाला नेमके कोठे पाठविले, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

‘स्नायू’ आणि ‘पेशी’ यांची कथा याहून बिकट आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजलेले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचे पट्टे, आजच्या मराठीतील स्नायू. आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे चिवट तंतू. आधुनिक मराठीने ‘स्नायू’ हा शब्द मांसाकडे नेला आणि ‘पेशी’ हा शब्द सूक्ष्मदर्शकाखालील घटकाला दिला. हिंदीने मात्र ‘पेशी’ मांसासाठीच राखून सूक्ष्म घटकाला ‘कोशिका’ म्हटले. हिंदी परिभाषा जशीच्या तशी उचलणाऱ्या मराठी पाठ्यलेखनात ‘पेशी-अर्बुद’ असा शब्द आला तर तो कोणत्या अर्थी घ्यावयाचा? याउलट ‘ऊतक’ हा नवा शब्द निर्दोष आहे. ‘वे’ म्हणजे विणणे या धातूच्या ‘ऊत’ या रूपावरून तो घडविलेला असून पाश्चात्य भाषांतील मूळ शब्दाची विणकामाची कल्पना त्याने सहज पेलली आहे. जुन्या शब्दाला नवा अर्थ देण्यापेक्षा नवा शब्द घडविणे कित्येकदा अधिक सुरक्षित असते, याचे हे एक उदाहरण.

सुश्रुताच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा विचार एकत्र केला आहे. तेथील अर्बुदाचे वर्णन आजही नेमके वाटते : गोल, स्थिर, मोठे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे, वेदना थोडी आणि पाक न होणारे. पू न धरणे हे लक्षण वेगळे काढून दाखविण्यात ग्रंथकाराची दृष्टी दिसते, कारण गळू व अर्बुद यांच्यातील व्यावहारिक भेद तोच आहे. चिकित्सास्थानात, अर्बुदाचा थोडासा अंश मागे राहिला तरी ते पुन्हा उद्भवते, यास्तव ते निःशेष काढावे, असा इशाराही आहे. परंतु अशा साम्यांवरून प्राचीनांना सर्व ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे हा अभ्यासाचा मार्ग नव्हे. मेदोज ग्रंथी शरीर पुष्ट झाले की वाढते आणि क्षीण झाले की कमी होते असे तेथे सांगितले आहे. आधुनिक अर्थाने ज्याला मेदार्बुद म्हणतात ते मनुष्य वाळला तरी प्रायः तसेच राहते. दोन नावांत ‘मेद’ हा शब्द समान आहे म्हणून दोन वस्तू एक ठरत नाहीत. सुश्रुताचे विभाजनही सौम्य-मारक असे नसून साध्य-असाध्य असे आहे. त्याची फूटपट्टी उपचाराची आहे, ऊतकाची नव्हे.

पाश्चात्य परिभाषेत याच्या उलट घडले. लॅटिन मूळ पाहिले तर ‘बिनाइन’ म्हणजे सुस्वभावी, कुलीन वृत्तीचा. ‘मॅलिग्नंट’ म्हणजे दुष्ट. माणसाच्या शीलाची विशेषणे ऊतकाला लावली गेली आणि कालांतराने ती शास्त्रीय संज्ञा झाली. मराठीत त्यांना ‘सौम्य’, ‘साधे’, ‘मारक’, ‘दुर्दम’ असे पर्याय मिळाले; हिंदीच्या वाटेने ‘सुदम’ही आला. यांपैकी ‘सुदम-दुर्दम’ ही जोडी व्याकरणदृष्ट्या देखणी आहे. ‘दम्’ म्हणजे आवरणे, ताब्यात आणणे; म्हणजे सुश्रुताच्या साध्य-असाध्य विचाराशी तिचे नाते जुळते. तथापि नैयायिकांची कसोटी लावली तर जोडी टिकत नाही. न्यायशास्त्रात ज्याला लक्षण म्हणतात ते अतिव्याप्ती, अव्याप्ती व असंभव या तीन दोषांपासून मुक्त असावे लागते. ‘दूर पसरत नाही ते सुदम’ असे म्हटले की जे दूर पसरत नाही पण आवरताही येत नाही तेही त्यात शिरते. ही उघड अतिव्याप्ती होय. अशा अर्बुदांची पायातील दोन-तीन उदाहरणे तपासून पाहण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण डेस्मॉइडचे. १८३२ साली जॉन मॅकफार्लेन यांनी उदराच्या भिंतीतील अशा अर्बुदाचे वर्णन केले आणि १८३८ साली योहानेस म्यूलर यांनी ग्रीक ‘देस्मॉस’ म्हणजे बंध, पट्टा, या शब्दावरून त्याला नाव दिले. नाव सर्वस्वी दृष्टीवर आधारलेले आहे. कापल्यावर ते कंडरेसारखे चिवट व पांढरट दिसते. मांडी व पोटरी येथेही ते होते. ते फुप्फुसात जात नाही, परंतु स्नायूंच्या तंतूंमधून झिरपत जाते आणि मज्जातंतू व रक्तवाहिन्या यांना वेढून टाकते. ते सौम्य म्हणून थोडक्यात काढले तर परत येते. दुष्ट म्हणून भरपूर मांसासह काढले तरी कित्येकदा परत येते, आणि मध्यंतरी पाय मात्र निकामी होतो. येथे सुश्रुताचा ‘निःशेष काढा’ हा नियम अपुरा पडतो, तसाच गेल्या शतकातील शस्त्रवैद्यांचा आत्मविश्वासही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या सोराफेनिब या औषधाच्या चाचणीत ८७ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांपैकी ३३ टक्के रुग्णांत अर्बुद लक्षणीय आकसले. पण ज्यांना केवळ नकली गोळी दिली होती त्यांच्यापैकीही २० टक्के रुग्णांत ते आकसले. हा दुसरा आकडा पहिल्याहून अधिक बोलका आहे. काही न करता पाचांतील एकाचे अर्बुद लहान होत असेल तर प्रथम चाकू उचलण्याचे समर्थन कठीण होते. त्यानुसार २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात बहुतेक रुग्णांच्या बाबतीत आरंभी ठरावीक अंतराने एमआरआय काढून वाट पाहावी असा सल्ला दिला गेला. वाढतच राहिले तर औषधे आहेत. १४२ रुग्णांवरील चाचणीनंतर निरोगासेस्टॅट हे औषध नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. प्रजननक्षम वयाच्या अनेक स्त्रियांत ते बीजकोशांच्या कार्यात बिघाड करते. डेस्मॉइड तरुण स्त्रियांत विशेष आढळते हे लक्षात घेता ही बाब तळटीपेत ढकलण्यासारखी नाही.

या ‘वाट पाहण्या’लाही मराठीत नाव हवे. ‘सक्रिय निरीक्षण’ हे भाषांतर विद्वत्तापूर्ण आहे, पण रुग्णाच्या कानाला ते ‘डॉक्टर काही करीत नाहीत’ असेच वाटते. ‘पाळत ठेवणे’ पोलिसी आहे. ‘लक्ष ठेवणे’ हा घरगुती शब्दप्रयोग त्यातल्या त्यात योग्य, कारण त्यात कर्तव्याची जाणीव आहे आणि घाई नाही.

दुसरे उदाहरण गुडघ्याचे. १९४१ साली जॅफी, लिख्टेनस्टाईन व सुट्रो यांनी सांध्याच्या अस्तरातील एका विकाराला जे नाव दिले त्याचा शब्दशः अर्थ ‘रंगद्रव्ययुक्त, लवदार व गाठाळ अस्तरशोथ’ असा होतो. यातील तिन्ही विशेषणे डोळ्यांनी पाहिलेली, म्हणून टिकाऊ. नाम मात्र तर्काने दिलेले, आणि तेच चुकले. ‘शोथ’ म्हटल्यावर हा विकार संधिवाताच्या शेजारी जाऊन बसला. २००६ साली असे दिसून आले की यातील थोड्याच पेशींत गुणसूत्रांचा एक विशिष्ट बदल असतो, त्या पेशी एक उत्तेजक द्रव्य निर्माण करतात, आणि उरलेला पेशींचा जमाव त्या द्रव्याच्या ओढीने गोळा झालेला असतो. म्हणजे हे अर्बुद होय. शोथ हा त्याचा पसारा. आता त्याचे नाव कंडरा व सांधा यांच्या अस्तराचे महापेशी-अर्बुद असे आहे. हा बदल केवळ शब्दकोशातला नव्हे. त्या द्रव्याचा मार्ग अडविणारी औषधे त्यातूनच निघाली : पेक्सिडार्टिनिब २०१९ साली, यकृतावरील गंभीर परिणामांमुळे कडक निर्बंधांसह, आणि विमसेल्टिनिब फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. नाव ‘शोथ’ असेच राहिले असते तर हा शोध लागलाच नसता असे नाही. पण वारंवार सुजणाऱ्या एका गुडघ्यातून लालसर-तपकिरी पाणी निघत असताना वर्षानुवर्षे संधिवाताच्या गोळ्या चालू राहण्यास त्या प्रत्ययाचा हातभार लागतो, एवढे म्हणण्यास हरकत नाही. ‘शोथ’ प्रत्ययाने अशीच फसवणूक गाठाळ आवरणशोथाच्या बाबतीत केली. १९५५ साली त्याचे वर्णन करणाऱ्यांनी त्याला ‘सार्कोमासदृश’ हे विशेषण जोडून दिले ते शहाणपणाचे ठरले, कारण काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारी ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली भयंकर दिसते आणि बहुधा आपोआप थांबते. २०११ साली तिच्यातही जनुकीय पुनर्रचना सापडली.

भाषाभ्यासकाला सर्वांत विचारप्रवृत्त करणारे उदाहरण मांडीतील मेदाचे. मांडीच्या स्नायूंत खोलवर वाढणारे एक मेदयुक्त अर्बुद आहे; त्यात बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. हेच अर्बुद पोटाच्या मागील पोकळीत झाले तर त्याला सुविकसित मेद-सार्कोमा म्हणतात. हातापायांत झाले तर असामान्य मेदार्बुद. ऊतक तेच, जनुकीय खूण तीच, नावे दोन! १९७९ साली इव्हान्स व त्यांचे सहकारी यांनी पायातील अर्बुदासाठी सौम्य नावाचा आग्रह धरला, आणि त्याचे कारण ऊतकात नसून शस्त्रक्रियेत होते. मांडीतील गाठ पूर्ण काढता येते, पोटामागची प्रायः येत नाही. म्हणजे हे नाव वस्तूचे वर्णन करीत नाही. वैद्याला ‘पाय कापू नकोस’ असे सांगते. विधीचा अर्थ नामाच्या पोटात ठेवण्याचा हा प्रकार शास्त्रशुद्ध म्हणावा की नाही याबद्दल मतभेद संभवतो. पण त्या नावाने कित्येक पाय वाचविले असावेत. मराठीत मात्र ‘असामान्य’ या शब्दाला थोर पुरुषांची संगत आहे. ‘वेगळ्या वळणाचे मेदार्बुद’ असे म्हटले तर निदान हसू तरी येणार नाही.

(येथे ‘निदान’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मूळ संस्कृतात आदिकारण, वैद्यकात रोगनिश्चय, आणि मराठी बोलण्यात ‘कमीत कमी’.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या वर्गीकरणाने दोन टोकांच्या मध्ये दोन खाने स्पष्टपणे मांडले : जागच्या जागी आक्रमण करणारी अर्बुदे आणि क्वचितच दूर पसरणारी अर्बुदे. डेस्मॉइड आणि वर सांगितलेले मांडीतील मेदार्बुद ही दोन्ही पहिल्या खान्यात येतात. या वर्गाला इंग्रजीत ‘मधला’ या अर्थाचा शब्द आहे. तो मराठीत ‘मध्यम’ किंवा ‘मधला’ असा आणणे ही मोठी चूक ठरेल. ‘मधली गाठ’ म्हणजे अर्धा कर्करोग असेच ऐकणारा समजेल. आज ना उद्या ती उरलेले अर्धे अंतर तोडील अशी धास्ती तो घेईल. डेस्मॉइड तसे अंतर तोडीत नाही. ‘पुनर्भवी’ हा शब्द सुश्रुताच्या जवळचा, पण पुनर्जन्माच्या अर्थाने झाकोळलेला. ‘जागीच पसरणारे, पुनरुद्भवी’ हे वर्णन लांब असले तरी त्यात अतिव्याप्ती नाही, आणि काय करावयाचे याची दिशा त्यात आहे.

नावाआधीची पायरी म्हणजे ऊतकाचा नमुना. येथील शिस्त थोडक्यात सांगता येते, पण ती मोडली जाते म्हणून सांगावी लागते. पाच सेंटिमीटरहून मोठी, स्नायूंवरील जाड आवरणाच्या खाली असलेली, किंवा वाढत असलेली गाठ ‘चरबीची असेल’ म्हणून भूल देऊन लगोलग काढू नये. आधी एमआरआय, मग जाड सुईने नमुना. सुईचा मार्ग पुढील शस्त्रक्रियेच्या छेदरेषेत आणि अवयवाच्या लांबीला समांतर असावा. आडवा छेद घेतला तर नंतर काढावयाचे क्षेत्र विनाकारण वाढते. मॅन्किन व त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली हाडांच्या व मृदू ऊतकांच्या दुर्दम अर्बुदांच्या ३२९ रुग्णांचा आढावा घेतला तेव्हा सुमारे १८ टक्के रुग्णांच्या निदानात मोठी चूक झाल्याचे आणि ४.५ टक्के रुग्णांत सदोष बायॉप्सीमुळे अनावश्यक अवयवच्छेद करावा लागल्याचे आढळले. १९९६ साली त्यांनीच पुन्हा आढावा घेतला. चित्र फारसे बदललेले नव्हते. हे आकडे दुर्दम अर्बुदांचे आहेत खरे. परंतु नमुना घेण्यापूर्वी गाठ कोणत्या बाजूची हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे शिस्त दोहोंना सारखीच लागू पडते.

मज्जातंतूच्या आवरणातील श्वान-अर्बुदाच्या बाबतीत नावांची रेलचेल आहे (व्हेरोके यांचे १९१० मधील नाव वेगळे, स्टाउट यांचे १९३५ मधील वेगळे), पण त्यामुळे नुकसान झालेले नाही. पोटरीतील मज्जातंतूवर ते असले तर बोटाने ठोकताच तळपायापर्यंत झिणझिण्या जातात. हे अर्बुद मज्जातंतूच्या तंतूंना बाजूला सारते. यास्तव बहुधा तंतू राखून ते सोलून काढता येते. रुग्ण ‘पायाला मुंग्या येतात’ म्हणतो आणि तपासणी कमरेच्या मणक्यांची होते. येथे चूक नावाची नसून हात पोटरीपर्यंत न नेण्याची आहे.

शेवटी ‘साधी’ या शब्दाचा लोकव्यवहारातील आणखी एक समज. दुखत नाही ती साधी, दुखते ती वाईट, असे सर्वत्र मानले जाते. पायाच्या गाठींत अनेकदा याच्या उलट घडते. मांडीतील सार्कोमा पुष्कळदा मुळीच दुखत नाही, आणि म्हणूनच तो उशिरा दाखविला जातो. याउलट मध्यमवयीन स्त्रियांच्या नडगी-पोटरीत, त्वचेच्या लगत खाली, वाटाण्याएवढी एक गाठ येते. लुगड्याचा काठ लागला किंवा गार वारा लागला तरी तीतून कळ जाते. रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायूंपासून ती उद्भवते आणि तिचे शास्त्रीय नाव तिच्यापेक्षा लांब आहे : वाहिनी-स्नायू-अर्बुद. वातविकार, शिरेचा दोष, मनाचे खेळ अशा नावांखाली ती अनेक वर्षे सोसली जाते. स्थानिक भूल देऊन ती काढली की कळ थांबते, आणि ती परत क्वचितच येते. लोकव्यवहारात जिला कोणी साधी म्हणत नाही अशी ही गाठ, आणि तो शब्द शब्दशः लागू पडतो तो हिलाच.